थंडीतली उन्हाळी

१२ जाने. १९९८
सर म्हणाले, कागलचे लघवीचे नमुने वगळ. कारण? बायकांची तक्रार मी ‘उन्हाळी’ अशी लिहिलीय. "थंडीत कसली उन्हाळी? उष्णतेचा त्रास म्हणजे इन्फेक्शन नव्हे." सर बाहेरचे. आमच्याकडं लघवीला आग झाली की बारा महिने उन्हाळीच. पीएचडी त्यांच्या सहीवर, म्हणून यादीतून खोडले. पण त्यातले ई. कोलाय जंतू मी वाढवून ठेवलेत. ते टाकणार नाही म्हणजे नाही.

१८ जाने.
कागल. आत्या कण्हत पडलेली. "सब्जा पितोय की. उन्हाळी हाय, जातीय आपसूक."
"आत्या, उष्णता न्हवं, जंतू हाईत."
"व्हय व्हय, मोठी डाक्टरीण आलीस!"
भांडून दवाखान्यात नेली. लघवीत जंतूच निघाले; थोडा नमुना लॅबला आणला. त्या एका शब्दापायी बायका घरी सोसत बसतात, आणि इकडं सर नमुने फेकायला निघालेत! डोकं फिरलंय माझं.

२ फेब्रु.
आत्याचा कोलाय भारी निघाला! प्लेटवर त्याच्याभोवती स्वच्छ गोल, दुसरा कोलाय उगवतच नाही. कोलिसिन. आपल्याच जातीला मारायचं प्रथिन सोडतोय पठ्ठ्या. शेजारच्या टेबलावरची नसरीन ओरडली, "अगं, ही तर भावकी!" लॅबभर हसू.

९ फेब्रु.
सर: "फाज असेल." म्हणजे जंतू खाणारा विषाणू. ट्रिप्सिन टाकलं, ते प्रथिनच पचवतं. गोल गायब, म्हणजे फाज नव्हे, प्रथिनच. मग जंतूतलं प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं सुटं कडं, घालवलं, तर मारणंच बंद. घ्या!

२० फेब्रु.
प्लेटा बघून सर म्हणाले, "हेच शहरातल्या नमुन्यांवर दाखव. कागल नको. ती ‘उन्हाळी’ वाचून परीक्षक हसतील."
"हसू देत की."

५ मार्च
चॅप्टर दिला. सगळा इंग्रजीत, ‘उन्हाळी’ तेवढी तशीच, पुढं अर्थ. सरांनी लाल पेनानं खोडली. तिथंच, त्यांच्यासमोर परत लिहिली.
"मग दुसरा गाईड बघ, सुजाता."
"बघते, सर."
प्लेटा उचलल्या. म्हणाले, त्या इथंच राहू देत. म्हटलं, जंतू तुमचे न्हवंत सर, कागलच्या बायकांचे आहेत.
घेऊन बाहेर आले. कुठं ठेवायच्या, अजून सुचत नाही.