द्राक्षाची साल आणि दुधाच्या बाटलीचा ब्रश

नाशिकरोड,
२० फेब्रुवारी १९९९

तीर्थस्वरूप कारभारी दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे निवृत्तीचा, नमस्कार पोचावा. (वाकूनच केलाय. कंबर धरली आहे, तेव्हा कमी समजू नये.) अक्काचा गुडघा, तुमचं बी.पी. आणि शेतातला रांगडा कांदा, तिघांची तब्येत कळवावी. बी.पी.ची गोळी तुम्ही विसरता अशी अक्काची तक्रार आहे. विसरत जाऊ नका. रक्तवाहिन्यांबद्दल मी आता अधिकाराने बोलू शकतो, तो अधिकार कसा आला तेच सांगायला हे पत्र.

बुधवारी सकाळी तुम्ही आमच्याकडे चहा घेऊन चांदवडच्या गाडीला गेलात. पुढचं रामायण तुम्हाला ठाऊक नाही. आमचे जावई ललितराव तीन वर्षं द्राक्षाच्या सालीवर संशोधन करतायत, हे तुम्ही जाणताच. (साली त्यांना, गर आम्हाला. तीन वर्षं घरात दुसरं फळ नाही.) रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं. त्यातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, वाहिनी सैल पडते आणि रक्त सुखाने वाहतं. ललितरावांचं म्हणणं, सालीचा अर्क त्या अस्तराला हा वायू सोडायला लावतो. आता दाजी, हाच वायू एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर सव्वीस वर्षं मी चिमणीतून आभाळात सोडला. कुणी साधा नारळ दिला नाही. आणि गेल्या वर्षी त्यावर काम करणाऱ्या तिघांना नोबेल मिळालं.

तर पुण्याचे मोठे सर बुधवारी प्रयोग बघायला यायचे होते. त्यांची शंका एकच. अस्तर काढलेली वाहिनी अर्काला दाद देत नाही, असं ललितराव दाखवायचे. सर म्हणायचे, कुठल्या तुकड्याचं अस्तर काढलंय हे तुला आधीच माहीत असतं, तुझे डोळे तुला हवं तेच बघणार. सरांची सही झाली नाही तर संशोधन बंद, आणि ललितराव औषधांची बॅग घेऊन नागपूरच्या दवाखान्यांचे जिने चढणार. सोबत आमची मंजुषा जाणार आणि दीड वर्षाची स्नेहलही. ती आत्ता कुठे मला 'आबा' म्हणायला लागलीय. आठवडाभर मला घास गिळवत नव्हता, तुमच्यापासून काय लपवायचं.

ललितराव सरांना आणायला स्टँडवर गेले, म्हणून खाटकाकडून प्रयोगासाठी बोकडाची जाड रक्तवाहिनी आणायचं काम माझ्याकडे आलं. चार तुकडे करून बर्फातल्या मिठाच्या पाण्यात ठेवा, एवढंच सांगितलं होतं. (डबा फ्रिजमध्ये सौभाग्यवतींच्या श्रीखंडाशेजारी ठेवला. ते श्रीखंड अजून कुणी खाल्लेलं नाही.) मी तुकडा उजेडात धरून आत पाहिलं तर बुळबुळीत थर. दाजी, मी बॉयलरचा माणूस. नळीच्या आत थर दिसला की माझा हात थांबत नाही. स्नेहलच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश घेतला आणि दोन तुकडे असे घासले की ट्यूबमधून पलीकडची तुळस दिसावी. तेवढ्यात तुम्ही गाडी चुकेल म्हणून ओरडायला लागलात. उरलेले दोन तसेच टाकून मी लुना काढली.

दुपारी डबा घेऊन मीही प्रयोगशाळेत हजर. कोमट पाण्यात तुकडे टांगले, औषधाने आवळले, मग अर्क सोडला. दोन तुकडे छान सैल पडले. माझे दोन मात्र ढिम्म. ललितरावांच्या हिशेबाने अस्तर अजून कुणाचंच काढलेलं नव्हतं, चारही सैल पडायला हवे होते. ललितरावांचा चेहरा पांढराफटक पडला. सर चारही तुकडे बाटल्यांत भरून पुण्याला घेऊन गेले. संध्याकाळी मंजुषा ट्रंक खाली काढून पुसत होती. मी ब्रश जागेवर ठेवून दिला. अक्काला नमस्कार.

आपला,
निवृत्ती

ता. क. : खरं काम राहिलंच. रात्री जेवताना ललितरावांनी विचारलं, तुकड्यांना कुणी हात लावला का? स्नेहल माझ्या मांडीवर होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'दाजींनी घासले असतील, कांदा निवडणाऱ्याला स्वच्छतेची सवय.' विचारलं तर हो म्हणा. तुम्ही चांदवडला, तुमच्यावर कोण रागावणार?

आणखी ता. क. (सोमवार) : पाकिटाला तिकीट लावायचं राहून गेलं होतं, ते बरंच झालं. सरांचा फोन आला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, माझ्या दोन तुकड्यांचं अस्तर साफ गेलेलं, सैल पडलेल्या दोन्हींचं शाबूत. कोणते कुठले हे प्रयोगाच्या वेळी ना त्यांना माहीत होतं, ना ललितरावांना. म्हणाले, तीन वर्षं मी हाच पुरावा मागत होतो. सही झाली. ट्रंक माळ्यावर गेली. मी मोरीत जाऊन डोळे धुऊन आलो.

आता घोळ असा की प्रबंधाच्या आभाराच्या पानावर तुमचं नाव पडतंय. मी खरं सांगितलं तर ललितराव हसून म्हणतात, 'मामा, आता श्रेय घेऊ नका.' रविवारी ते शाल आणि पेढे घेऊन तुमच्याकडे येतायत. वरचं ता. क. फाडून टाका आणि ब्रश माझाच होता असं त्यांना स्वच्छ सांगा. पेढे ठेवून घ्या.

फक्त एक करा, गाडीचा विषय काढू नका. तुम्ही ओरडला नसतात तर मी चारही घासले असते आणि तुलनेला एकही उरला नसता, हे ललितरावांच्या ध्यानात आलं तर आभाराच्या पानावर पुन्हा तुमचंच नाव जायचं.