पूजेत मांडलेली सीडी परत मिळण्याबाबत

बंगळूर,
सोमवार, दि. १६ नोव्हेंबर १९९८

प्रति,
मा. मानद चिटणीस,
मराठी विद्यार्थी साहाय्यक निधी,
चामराजपेट, बंगळूर

विषय : खंडेनवमीच्या पूजेत मांडलेली माझी सीडी येत्या गुरुवारी, अमावास्येला, अलसूर तळ्यात विसर्जित न करता मला परत देण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज, ज्यांना उत्तर नाही. २) कार्यकारिणीचा ठराव, जो मला निधीचे शिपाई येसाजी अण्णांनी फाटकात उभे राहून तोंडी सांगितला.

महोदय,

१. मी, रक्षिता मानसिंग मोहिते, निधीच्या शिष्यवृत्तीवर विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात शिकले आणि यंदाच एम.ए. झाले. अर्ज मराठीतच हवा असा आपला नियम असल्यामुळे मराठीत लिहीत आहे. माझे मराठी घरचे आहे, शाळेतले नाही. तरी चूकभूल पोटात घालावी.

२. बहुमाध्यम पत्रकारिता हा नवा विषय आमच्याच वर्गापासून सुरू झाला. बातमी नुसती लिहायची नाही, तर तिचा आवाज, तिची छायाचित्रे आणि मजकूर संगणकावर एकत्र बांधून सीडीवर उतरवायचे, असे त्याचे स्वरूप होते. आवाज पडद्यावर लाटांसारखा दिसतो आणि नको तेवढा तुकडा कापून टाकता येतो, हे मी तिथेच शिकले. सगळ्या वर्गाला संगणक दोन आणि सीडी लिहिण्याचे यंत्र एक. तेही महिन्यातले निम्मे दिवस आजारी.

३. परीक्षेच्या कामासाठी मी माझी आई, अनुसूयाबाई, हिचा विषय घेतला. आई टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. घरी मराठी बोलणारी माझी आई कामावर कानाला हेडफोन चढवून उभा जन्म कन्नडमध्ये "ट्रंक बुकिंग, हेळी", म्हणजे 'सांगा', म्हणत राहिली. पुढे गल्लोगल्ली एसटीडी बूथ झाले आणि तिचे दालन रिकामे पडत गेले. माझ्या सीडीत त्या जुन्या बोर्डाचे चित्र होते. त्यातल्या कोणत्याही भोकावर टिचकी मारली की आई बोलू लागे आणि तिने जोडून दिलेल्या एकेका कॉलची हकिकत सांगे. कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला. कुणी नवरा-बायको पैसे भरून तीन मिनिटे नुसतेच गप्प राहिले, आणि आईने घड्याळाकडे काणाडोळा करून त्यांना आणखी थोडे गप्प राहू दिले.

४. या कामाच्या दोनच प्रती निघाल्या, कारण तिसरीच्या वेळी यंत्र कायमचे बसले. पहिली बाहेरगावच्या परीक्षकांकडे गेली. ती सापडत नाही, असे त्यांचे कार्ड आले आहे. दुसरी मी आपल्या ग्रंथालयात जमा केली, कारण शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाची प्रत निधीला द्यावी असा नियम आहे. विभागातल्या संगणकांवर जागा कमी. त्यामुळे नवी तुकडी येताच जुन्या तुकडीचे काम पुसून टाकले. रेकॉर्डिंगच्या कॅसेटीही विभागाच्याच. त्यांवर आता कुण्या आमदाराचे भाषण आहे.

५. श्रावणात आई गेली. रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. आमच्या घरात यंदा सण नाही, म्हणून मी खंडेनवमीला निधीच्या पूजेस आले नाही. दसरा उलटल्यावर, आईचा आवाज ऐकावा म्हणून सीडी मागायला आले. तेव्हा ती ग्रंथालयात नव्हती. गणपतीशेजारच्या काचेच्या फडताळात ती तबकात उभी करून ठेवलेली दिसली. चकाकत्या बाजूला पाच बोटांनी गंध ओढलेले, त्यावर कुंकू, कुंकवावर अक्षता आणि मधल्या छिद्रात झेंडूचे फूल.

६. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, हे मी जाणते. लेखणी, टाईपरायटर, नवा संगणक आणि माळ्याचा विळा या सर्वांबरोबर आपण माझ्या कामाचाही मान केलात. ज्या बाजूला नाव लिहिले आहे ती पाठ आणि ज्या बाजूला आपले तोंड दिसते ती दर्शनी बाजू, असा समज कुणाचाही होईल. परंतु महोदय, यंत्र वाचते ते त्याच चकाकत्या बाजूने. हे मी सांगितले तेव्हा आपण म्हणालात, "अम्मा, सरस्वतीच ना ती? पूजेनं कुठं काय बिघडतं?" आपण वयाने वडील, म्हणून मी वाद न घालता परतले. त्यानंतर दिवाळीचा पाडवा झाला, तुळशीचे लग्न झाले आणि प्रत्येक वेळी तिच्यावर नवे कुंकू चढले.

७. माझ्या पहिल्या अर्जानंतर कार्यकारिणीने ती सीडी गंधासकट संगणकात घालून पाहिली, असे कळते. आतून जात्यासारखी घरघर आली, म्हणून ती बाद ठरवण्यात आली. दुसऱ्या अर्जानंतर निधीची पूजा सांगणाऱ्या भीमाचार्यांचे मत घेण्यात आले. मांडलेली वस्तू उत्तरपूजेशिवाय उठत नाही, आणि उत्तरपूजेनंतर वापरातली वस्तू ठेवायची, बाद झालेली पाण्यात सोडायची, असे त्यांनी सांगितले. म्हणजे टाईपरायटर वाचला, विळाही वाचला. माझी सीडी वापरात नाही, कारण ती चालत नाही. ती चालत नाही, कारण तिच्यावर गंध आहे. आणि गंध पुसता येत नाही, कारण ती पूजेत आहे. एवढ्या मोठ्या कार्यकारिणीत हे कुणाच्याच ध्यानात येऊ नये, याचा मला राग आला आहे आणि तो मी नम्रपणे येथे नोंदवते.

८. काल मी येसाजी अण्णांच्या पाया पडले. फडताळाची किल्ली त्यांच्याच कमरेला असते. "स्वल्प तडी अक्का, जरा थांबा, देवाचं सामान मी कसं काढू? साहेबांनी सरी म्हटलं की आत्ता काढतो," एवढे बोलून ते दुसरीकडे बघू लागले. त्यांचेही डोळे भरले होते. म्हणून हा अर्ज आपल्याला.

९. एस. पी. रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने सांगितले आहे की गंधाखालचे बहुधा शाबूत असेल, मात्र अक्षता घासून जिथे ओरखडा गेला तिथले गेले. काय उरले आहे ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. तळ्यात मात्र काहीच उरणार नाही. धर्माला बाध नको, तर उत्तरपूजा अवश्य करावी. तिला लागेल ते मी करीन, उपास सांगितला तर उपास करीन. पण त्यानंतर ती पाण्यात न सोडता माझ्या हातात द्यावी.

१०. आता राहिले ते सांगते. वार्ताहराचा आवाज ऐकू येता कामा नये आणि विषयाला सोडून असलेले सर्व कापावे, असे आम्हाला शिकवले होते. मी तसेच केले. फक्त एका ठिकाणी, दिल्लीच्या कॉलची हकिकत सांगता सांगता आई मध्येच थांबते आणि विचारते, "रक्षी, जेवलीस का गं?" ते माझ्याने कापवले नाही. परीक्षकांनी "असंबद्ध वाक्य" असा शेरा मारून त्याचे गुण कापले. बाकी सारी सीडी पुसली गेली असली तरी माझी तक्रार नाही. मला तेवढे वाक्य हवे आहे. त्या दिवशी टेप चालू होती, म्हणून मी नुसता हात हलवून तिला पुढे बोलायची खूण केली. तिला उत्तर द्यायचे राहिले आहे.

गुरुवारच्या आत निर्णय व्हावा, ही हात जोडून विनंती.

आपली नम्र,
रक्षिता मानसिंग मोहिते

सोबत : १) परीक्षकांच्या शेऱ्याची नक्कल. २) पुसण्यासाठी धुतलेले मऊ सुती फडके, एक.