मोठ्या हंड्यातल्या बियरबद्दल

मी, ओड्नी ब्रेक्के, वय सव्वीस, गावच्या शाळेत विज्ञान शिकवते, राहणार फ्योर्डच्या उत्तर काठावरचे ब्रेक्के शेत, हे मृत्युपत्र आज माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही, आणि ती बदलण्यासाठी मंगळवारी बर्गनच्या रुग्णालयात माझ्यावर शस्त्रक्रिया व्हायची आहे. हे लिही म्हणून मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरातले सगळे म्हणतात, असले काही लिहू नकोस, बहुतेक सगळे रोगी बरे होऊन घरी जातात. 'बहुतेक' हा शब्द जपून वापरायला मी मुलांना शिकवते. म्हणून लिहीत आहे.

आजच लिहिण्याचे कारण असे की कायद्याने दोन साक्षीदार एकाच वेळी समोर लागतात, आणि शेजारच्या शेतावरचे इंगवालकाका आणि हेर्दिसकाकू आज दोघेही खाली भट्टीघरात यायचे आहेत. बाबांनी (तोर्गिल्स ब्रेक्के) बियर करायला घेतली आहे. मी भट्टीघराच्या माळ्यावर बसले आहे. फळ्यांच्या फटींतून वाफ वर येते आणि कागद ओलसर होतो. मी सारखी उठून खाली डोकावते, त्यामुळे अक्षर मध्येच बिघडले आहे. तेवढ्यावरून माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका घेऊ नये.

कलम पहिले. हे भट्टीघर, त्यातले चुलाण, लाकडी पिंपे आणि भोवतीची जागा माझ्या नावावर आहे. बाबांची बहीण ब्रिता आत्या हिने ते मला मी पदवी घेऊन आले त्या उन्हाळ्यात कागदोपत्री दिले. आमच्या घरात त्याआधी पदवी कोणी घेतली नव्हती. आत्या म्हणाली, "तिकडचं शिकलीस ना? आता इकडचं शीक." ही सर्व मालमत्ता मी माझी धाकटी बहीण लिव्ह हिला देत आहे. अट एकच. गावातले कोणीही, मुलगा असो की मुलगी, बियर करायला शिकायचे म्हणून दारात आले, तर त्याला परत पाठवू नये. विद्या घरात कोंडून ठेवण्याची वस्तू आहे असे मला वाटत नाही.

चुलतभाऊ आर्नफिन याला ही जागा पाहुण्यांना भाड्याने द्यायची आहे. फ्योर्डकडच्या भिंतीला मोठी काच बसवायची आणि चुलाणाच्या जागी गरम पाण्याचा टब, असा त्याचा बेत त्याने मला दोनदा समजावून सांगितला. त्याला जागेतला चतकोर हिस्साही मिळू नये. मात्र माझी नाव मी त्यालाच देते. ती तो गेली काही वर्षे न विचारता नेतोच आहे. आता तिच्यातले पाणीही त्यानेच उपसावे.

कलम दुसरे. घोड्याच्या केसांनी विणलेली हॉप्सची, म्हणजे बियरला कडवटपणा देणाऱ्या बोंडांची, गाळणी. ती वरच्या कलमात भट्टीघराबरोबर आलीच, तरी वेगळी लिहिते, कारण नाहीतर म्हणतील की घर मुलीला गेले, गाळणी पुरुषांकडेच राहिली. ब्रिता आत्या गेल्यापासून तसेच चालले आहे. बायकांनी पाणी आणायचे, पिंपे घासायची आणि बाजूला उभे राहायचे. मागच्या नाताळच्या बियरला लिव्हने क्षणभर गाळणी धरली, तर आर्नफिन म्हणाला, "अगं, तुझा जीव केवढा, ती गाळणी केवढी! आत पडलीस तर तुलाच गाळावं लागेल."

लिव्ह म्हणाली, "पडले तर निदान चव येईल. तू गाळलीस तेव्हा कुठे आली होती?"

गाळणी लिव्हची. दुसऱ्या कोणाची नाही.

गाळण्याबद्दल सूचना, कारण ही गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. गाळणीत ज्युनिपरच्या झुडपाच्या डहाळ्या आडव्या-उभ्या अंथराव्यात. हंड्यातला उकळता काढा हॉप्सच्या बोंडांसकट ओगराळ्याने हळू ओतावा, वरून धबाधबा नाही. सुरुवातीचा काढा गढूळ येतो, तो परत हंड्यात टाकावा. बोंडांचा थर बसला की तोच थर गाळण्याचे काम करू लागतो, आणि खाली स्वच्छ, तांबूस धार पडते. चोथा पिळू नये. बाबा पिळतात. मी त्यांना एकदा जेवणाच्या टेबलावर आकृती काढून समजावले होते की पिळल्याने तुरटपणा उतरतो. ते म्हणाले, "हॉप्स विकत आणलेत मी. फुकट नाही आले. आणि टेबल पूस." हा वाद मी न मिटवताच ठेवत आहे. लिव्हने स्वतःच्या जिभेला विचारावे.

कलम तिसरे. बँकेतली माझी शिल्लक शाळेला, सूक्ष्मदर्शकांसाठी. पुस्तके ज्या मुलांना हवी त्यांनी न्यावीत, परत केली नाहीत तरी चालेल. पदवीचे प्रमाणपत्र आईला, कारण ते दिवाणखान्यात लावायचा हट्ट तिचाच होता. त्यावर काळी फीत लावू नये. आई या विषयावर बोलत नाही. ती सकाळपासून स्वयंपाकघरात पोळीसारख्या पातळ भाकऱ्या लाटते आहे, आणि इतक्या भाकऱ्या खाणारे घरात कोणी नाही.

कलम चौथे. इथे मला खाली जे दिसले ते लिहावे लागत आहे.

चुलाणावर तांब्याचा मोठा हंडा चढला आहे. नाताळची बियर आम्ही लहान हंड्यात करतो, आणि तीही डिसेंबरच्या तोंडावर. मोठा हंडा लग्नाला निघतो, नाहीतर मयताला. माझे किंवा लिव्हचे लग्न ठरलेले नाही. मी सकाळी विचारले तेव्हा बाबा म्हणाले, "लहान हंडा गळतो." लहान हंडा मी पाणी भरून पाहिला. गळत नाही.

आत्ता इंगवालकाका आले ते स्वतःची गाळणी काखेत घेऊन.

आमच्या काठावर ही रीत लहान मुलालाही माहीत असते. घरची बियर घरचाच माणूस गाळतो. फक्त मयताच्या बियरला घरच्यांनी गाळणीला हात लावायचा नसतो, तेव्हा शेजारी येऊन गाळतात.

मी खाली जाऊन येते.

परत आले आहे. जे बोलणे झाले ते मृत्युपत्रात असावे असे मला वाटते, कारण पुढचे कलम त्यातूनच आले आहे.

मी विचारले, "बाबा, इंगवालकाका का गाळणार आहेत?"

बाबा चुलाणात लाकूड सारत राहिले. इंगवालकाकाच बोलले, "तोर्गिल्स मला नुसता 'ये' म्हणाला, पोरी. गाळणी घेऊन ये म्हणाला. कशासाठी, ते विचारायची माझी छाती झाली नाही."

"मी विचारते मग. बाबा, कशासाठी?"

"बियर मुरायला आठवडे लागतात," बाबा म्हणाले. "तू परत आलीस तर माणसं भेटायला येणार. नाही... तरी येणार. मला ठरवता येईना, ओड्नी. रात्रंदिवस तेच डोक्यात. म्हटलं, मोठा हंडा काढावा. शेजाऱ्यानं गाळली की दोन्हीकडे चालेल."

"नाही रे चालत," हेर्दिसकाकू म्हणाल्या. "शेजाऱ्यानं गाळली की ती एकाच कामाची. एवढं वय झालं तुझं, आणि हे मी सांगायचं?"

"मग मी काय करू? माझ्या हातानं गाळली आणि तसंच काही झालं, तर मी लोकांपुढे काय ठेवू? रिकामे पेले?"

माझे वडील कधीही मोठ्याने बोलत नाहीत. ते मोठ्याने बोलले. मी म्हणाले, "बाबा, मला आधीच गेलेली धरून गाळू नका." त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळले नाही.

हॉप्स थांबत नाहीत. वेळेवर उतरवले नाहीत तर सगळा काढा कडूजहर होतो. लिव्ह दारात पाण्याच्या बादल्या घेऊन उभी होती. तिने बादल्या खाली ठेवल्या, खुंटीवरची आमची गाळणी काढली, पिंपावर बसवली आणि डहाळ्या अंथरू लागली.

"इंगवालकाका, जरा सरका. ताई, तू त्या स्टुलावर बस, काही उचलू नकोस. बाबा, ओगराळं द्या."

बाबांनी ओगराळे हातात घट्ट धरून ठेवले होते. म्हणाले, "लिव्ह, विचार कर. एकदा घरचा हात लागला की मग ती..."

"माहीत आहे मला. म्हणूनच मागतेय."

त्यांनी दिले. पहिला काढा गढूळ आला, तिने परत टाकला. दुसराही टाकला. मग धार स्वच्छ झाली. बाबा दोन्ही हातांनी पिंपाचा काठ धरून उभे होते, आणि वाफेने की कशाने, त्यांचा चेहरा ओला होता. माझे पाय स्टुलावर एका जागी राहत नव्हते. मी तिच्यासाठी गाळणीचे कलम लिहून ठेवले होते, आणि तिला त्याची गरज पडली नाही.

कलम पाचवे आणि शेवटचे. आज मोठ्या हंड्यात केलेली बियर माझी बहीण लिव्ह, म्हणजे घरची व्यक्ती, हिने गाळलेली आहे. सबब रीतीप्रमाणे ती माझ्या अंत्यविधीला वाढता येणार नाही, आणि कोणी वाढू नये. अंत्यविधी करावा लागलाच, तर इंगवालकाकांनी आपल्या शेतावर वेगळी बियर करावी. ती मुरेपर्यंत लोकांना कॉफी द्यावी. लोकांपुढे काय ठेवायचे ही काळजी माझ्या वडिलांची नाही. ती मी या कलमाने त्यांच्यावरून काढून घेत आहे.

ही बियर मी बर्गनहून घरी आल्यावर, माझ्या समोर उघडायची आहे.

मी आले नाही तर तिचे काय करायचे, ते लिहिलेले नाही. हेर्दिसकाकूंना वर बोलावून हे वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मृत्युपत्र आहे हे! तेच तर लिहायचं असतं त्यात."

मी म्हटले, "तेवढी जागा मोकळी राहू दे, काकू."

त्यांनी चष्मा पुसला आणि सहीसाठी पेन मागितले.

लिहून ठेवणार: ओड्नी ब्रेक्के

साक्षीदार: आम्ही दोघांनी ओड्नीला आमच्या डोळ्यांदेखत सही करताना पाहिले. ती पूर्ण शुद्धीत आहे आणि तिने हे स्वतःच्या मर्जीने लिहिले आहे. यातले काहीही आम्हाला मिळणार नाही.

हेर्दिस मिक्लेबुस्त
इंगवाल मिक्लेबुस्त (माझी गाळणी कोरडीच घरी परत नेत आहे, याचीही नोंद असावी.)

स्थळ: ब्रेक्के शेत, भट्टीघराचा माळा
दिनांक: शनिवार, १२ ऑक्टोबर २०१९