साफ म्हणजे काय

ता. ३ मार्च १९६५, बुधवार
लिहायला फार उशीर झाला. नामा, ही वही तू दिवाळीला दिलीस. "आबा, रोज चार ओळी लिवा, रजेवर आलो की वाचीन," म्हणालास. मी तिच्यात तंबाखूची पुडी ठेवली. चुलता असून पुतण्यापुढे कबूल करतो, चूक झाली. रागावू नको.
आज लिहितो, कारण मनाला चैन नाही. काल ठेकेदार आला होता. कागदावर सही केली. वाडीत वाचता येणारा मी एकटा, शिवाय देवीची पूजा माझ्याकडे, म्हणून सही माझी. एकेक अक्षर लावून वाचले. 'वाघजाईची राई साफ करून देणे, त्याबदल्यात वाडीपर्यंत गाडीरस्ता.' चैत्रात यात्रा आहे. गवत, पाचोळा, वाटेवरची काटेरी जाळी काढतील, बरेच झाले. पण एवढ्या कामाला गाडीरस्ता कोण देतो?
हे सही केल्यावर सुचले.

ता. ६, शनिवार
ठेकेदाराचा मुकादम चुन्याचा डबा घेऊन आला. जांभूळ, अंजन, हिरडा, सगळ्यांना पांढरे पट्टे. मी धावत गेलो.
"अरं, देवीच्या झाडाला चुना कशापाई?"
"तोडायची खूण हाय, आबा. सोमवार बावीसला मानसं येनार. हितंच कोळशाच्या भट्ट्या लावनार."
"कागदात साफ करायचं लिवलंय!"
तो हसला. "मंग साफच करतोय की. एक बुंधा ठेवत न्हाई."
घरी येऊन कागदाची नक्कल पुन्हा वाचली. साफ. दोनच अक्षरे. ती मला बरोबर वाचता आली होती.

ता. ८, सोमवार
राईखालच्या टाक्यात काठी घालून पाहिली. पाणी सात बोटे. शिमग्याच्या आधी एवढे असले की पावसापर्यंत पुरते, पण पलीकडच्या वाडीचे लोकही आता इथेच येतात. त्यांचा डोंगर तीन वर्षांपूर्वी कोळशात गेला. धोंडाबाई दोन हंडे घेऊन अर्धा कोस चालून आली होती.
"भाऊ, आमच्या झऱ्यात बेडूकबी ऱ्हायला न्हाई. आता तुमचंबी पानी आटवा. मंग समदी मिळून पवनेच्या नदीवर जाऊ."
थट्टेने म्हणाली. मला हसू आले नाही. सही माझी आहे हे तिला अजून माहीत नाही.

ता. ९, मंगळवार
काठी. सात बोटेच. उगाच दोनदा पाहिले.

ता. १०, बुधवार
पंचांना खरे सांगितले. दोघे ओरडले, तिघे गप्प राहिले. गप्प राहिलेल्यांना रस्ता हवा आहे.
सून पारू भाकरी थापत होती. तिला सातवा सरला. मी म्हटले, कागद फाडून टाकतो.
"फाडा. रस्ताबी ऱ्हाऊ द्या. मला आत्याबाईवानी झोळीत घालून न्या लोणावळ्याच्या दवाखान्याला."
तवा उतरवला आणि बाहेर गेली.
माझ्या बायकोला, तिच्या सासूला, झोळीतूनच नेले होते. मुलगा खंडू झाला तेव्हा नव्हे, नंतरच्या बाळंतपणाला. राईच्या कडेने वाट आहे, तिथे झोळी खाली ठेवायला लावली, म्हणाली सावली बरी वाटते. तिथून पुढे नेलीच नाही. पारूला कोणी सांगितले असेल? मी नाही सांगितले.
राई गेली तर पाणी जाते. रस्ता नाही झाला तर पोर. कोणाला विचारू?

ता. १२, शुक्रवार
नामा आलास. रेल्वेचे बूट घालून डोंगर चढलास, टाचेला फोड. तुला कागद दाखवला. तू म्हणालास, "आबा, पेपरात येतं, देशोदेशी हेच चाललंय. रानं तोडतात न् मागून पान्यासाठी रडतात."
तुला वाटले मला धीर येईल. मला वाटले, म्हणजे पळून जायलाही जागा उरली नाही.
मग तूच तोड काढलीस. 'साफ' खोडून 'वाळलेली व पडलेली झाडे' असे लिहायचे. ठेकेदाराला थोडे मिळेल, रस्ताही मागता येईल, उभी राई राहील, पुढच्या वर्षीचे वाळलेले पुढच्या वर्षी.
पण राईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, ही आमची रीत. माझ्या बापाने पडलेला आंबा कुजू दिला, पण घराला वासा केला नाही. पंच म्हणाले, देवीला कौल लावा.

ता. १४, रविवार
कौल लावला. चाफ्याच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी मोठ्याने विचारले, "आई, वाळलेलं देऊ का? उभं राखशील का?" सगळी वाडी बसली होती. पारू भिंतीला टेकून.
उजवी पडली. लगेच.
पंच म्हणाले, देवीने ऐकले. तू अर्ज लिहिलास, मी सही केली, या वेळी तीनदा वाचून. वडगावच्या कचेरीत उद्याच देतो म्हणून तू उतरलास.

ता. १५, सोमवार
उजवी पाकळी मी नीट भिजवली नव्हती.
मुद्दाम की घाईने, मलाच कळत नाही. डावी दाबून लावली हे मात्र आठवते.
नामा, हे वाचशील तेव्हा पंचांना सांगू नको. देवीला मी सांगितले.

ता. १७, बुधवार
शिमगा. पोळी गोड लागली नाही. तुझे पत्र नाही. काठी: सहा बोटे.

ता. २०, शनिवार
पत्र नाही. पारूचे पाय सुजलेत. आज मला म्हणाली, "आबा, लई इचार करू नगा, म्या दांडगी हाय." हे ऐकून जास्तच विचार आला.

ता. २२, सोमवार
माणसे आली. पंधराएक असतील, बायकाही आहेत. टाक्याजवळ पालं ठोकली. आमच्याच टाक्यातले पाणी पितात, नको कसे म्हणू? मुकादमाला अर्जाचे सांगितले.
"कचेरीतून कागद आला का?"
"येनार हाय."
"मंग उद्याच्याला थांबतो, आबा. तुमच्या केसांकडं बघून. परवा न्हाई थांबनार."
कानशी लावून कुऱ्हाडींना धार देतात, तो आवाज घरापर्यंत येतो. पारू दार लावून बसली आहे. काठी: पाच बोटे.
खंडू आत्ता खंडाळ्याला तुझ्याकडे निघाला आहे. वहीतले हे पान फाडून त्याच्याबरोबर देतो. नामा, लांबलचक लिहीत बसू नको. कचेरीने तो शब्द खोडला की नाही, एवढेच त्याच्या हाती लगेच कळव. खोडला असेल तर नुसते 'खोडला' लिही, मोठ्या अक्षरात. मला वाचता येईल.