खऱ्या नावाचा रकाना

३ मे १९९९, जळगाव
आले एकदाची! खोली हवेशीर, नळाला पाणी, आणि कॉम्प्युटर सेंटर चालत पाच मिनिटांवर. मालक बन्सीलालशेठ भला माणूस, कूलर माझ्याच टेबलाकडे वळवून दिला. काम तर मजेचंच. भाटाच्या वहीतल्या आमच्या समाजाच्या वंशावळी इंटरनेटवर चढवायच्या. अमेरिकेत बसलेल्यालाही आपला खापरपणजोबा चोपड्याचा की रावेरचा, ते बसल्या जागी सापडेल. यांची नोकरी सुरतला, तीन वर्षांचा लेक उखर्डू धुळ्याला सासूबाईंपाशी. महिनाभरात त्याला इकडे आणणार. त्याच्याशिवाय करमत नाही.

५ मे
तोतारामबाबा भाट वही वाचतात, मी टाइप करते. दर पानावर चिंधा, उखर्डू, भिकुबाई! आधीची मुलं दगावली की पुढच्याला असं टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे न्यायला आलेलं नाक मुरडून परत जातं. आमच्या घरीही तेच. माझी दोन लेकरं गेल्यावर सासूबाईंनी तिसऱ्याला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि उखर्डू म्हटलं. बारशाला आत्याने कानात सांगितलेलं खरं नाव त्यानंतर कुणी उच्चारलेलं नाही. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नाही. मी बी.कॉम. झालेली बाई, मला या प्रकाराची लाज वाटते.
अडचण अशी की फॉर्ममधला ‘खरे नाव’ हा रकाना रिकामा सोडला तर पान पुढे सरकत नाही. बाबा म्हणाले, तिथेही चिंधाच लिही, अशांचं खरं नाव कुठे चढवायचं नसतं. मी हसले. अमेरिकेतले लोक काय म्हणतील?

८ मे
चोपड्याहून सत्तरीचे चिंधानाना आपलं घराणं बघायला आले. आईने मरताना त्यांना खरं नाव सांगितलं होतं, दौलत. मी ते टाइप केलं तर पडद्याला बोट लावून लावून बघत होते. मलाही भरून आलं. त्याच भरात आमच्या उखर्डूचंही पान भरलं. खरे नाव : अभिमन. किती शोभून दिसलं!

१० मे
नानांच्या पानावर मृत्यूच्या रकान्यात उद्याची तारीख. मी घातलेली नाही. शेठ म्हणाले, बोट घसरलं असेल. पुसून टाकली.

११ मे
चिंधानाना गेले. भरदुपारी कुणीतरी हाक मारली म्हणून उठले आणि दारातच कोसळले. हाक सुनेलाही ऐकू आली होती. पण दौलत नावाचं घरात कोणी नाही, म्हणून ती उठली नाही.


१२ मे
ई-मेल आलाय. इंग्रजी अक्षरांत मराठी. पाठवणाऱ्याचं नाव नाही. लिहिलंय, अभिमन सापडला. तीन वर्षं धुळ्याच्या त्या दारावरून परत फिरलो, आत उखर्डूच असायचा. आभारी आहे.
आमचं पान उघडलं. मृत्यू : १४ मे.
पुसलं. परत आलं. नाव बदलून उखर्डू केलं. पान पुन्हा उघडलं तर अभिमन. तोतारामबाबांनी वही बांधली आणि निघून गेले.

१३ मे
दिवसभर इंटरनेटची लाइन जोडली जात नाही. पान उघडतच नाही.
धुळ्याला शेजारच्यांकडे फोन करून सासूबाईंना बोलावलं. म्हणाल्या, अभिमन इथेच का, असं कोणी दारात येऊन विचारून गेलं. त्यांनी ठणकावून सांगितलं : “आठे कोणी अभिमन नई शे. आठे मना उखर्डू शे!” मग मलाच विचारलं, ते नाव बाहेर कसं गेलं.
मी फोन ठेवला. मिळेल त्या एस.टी.ने निघते —

१४ मे, धुळे
दारं-खिडक्या लावल्या. सासूबाईंना सगळं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, तू माय शे ना त्यानी — आणि दाराला पाठ लावून बसल्या.
उखर्डू मांडीवर. अंग गार आहे. या उन्हात. लिहीत राहिले तर जाग राहील —

दुपारचे बारा वाजले.

हाक आली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आवाज माझा आहे. मी तोंड मिटून बसलेय आणि बाहेर माझाच आवाज, किती गोड — अभिमन, बाळा —

त्याला हे नाव माहीत नाही. कुणी सांगितलंच नाही त्याला. देवा, त्याला माहीतच नाही —

मान वर केली त्याने. माझ्याकडे नाही, दाराकडे. हसतोय. नको राजा, तू उखर्डू, माझा उखर्डू —

ओ म्हणाला —

मी त्याला दोन्ही हातांनी ध