नातीसाठी घर गरम केल्याची हकीकत

इचोडा, जानेवारीअखेर

आदरणीय व्याही भगवानराव यांना बाबारावांचा मनापासून जय भीम. विहीणबाईंनाही तोच, थोड्या जास्त अदबीनं. तुमचा गुडघा कसा आहे? वांकिडीच्या थंडीत तो पुन्हा कुरकुरत असेल तर तिळाचं तेल कोमट करून लावा. (लावायला कोणी नसेल तर हर्षदीपला हैदराबादहून बोलावून घ्या. मी सांगितलं तर सासऱ्यानं जावयाला कामाला लावलं असं होईल, तुम्ही बाप आहात.) विहीणबाईंचा खोकला बरा झाला असावा, कारण परवा फोनवर त्या एका दमात पुष्कळ बोलल्या. फोन तुमच्या हाती येईल म्हणून मी वाट पाहत राहिलो, तो काही आला नाही, म्हणून हे पत्र. शिवाय माझा जन्म तहसील कचेरीत कारकुनी करण्यात गेला. तोंडी जबाब द्यायचा म्हटलं की मी अडखळतो, लेखी असला की बरा सुचतो.

तर विहीणबाई म्हणाल्या, "आमची नात तिथं गारठून तं नाही राह्यली? नामकरणाले आलो का मायलेकीले घेऊनच जातो." त्यांची काळजी रास्त आहे. यंदा इथली थंडी अशी आहे की हायवेवरचे ट्रकवाले ढाब्यापाशी खाली उतरत नाहीत, काच बोटभर उघडून चहा आत ओढून घेतात. पण आमच्या घराबद्दल तुमचा गैरसमज राहू नये, म्हणून सगळी हकीकत जशी घडली तशी लिहितो.

तुम्हाला ठाऊक आहे, आमचं घर गॅसवर गरम होत असे. न्हाणीत गॅसचा गीझर होता आणि पुढच्या खोलीत गॅसवर पेटणारा हीटर, जो मी नागपूरहून स्वतः मांडीवर घेऊन आणला होता. (बसमध्ये कंडक्टरनं त्याचंही तिकीट मागितलं होतं, तो वाद वेगळा.) बाळंतपणानंतर शुभांगीला सरकारी दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी पाणी कशावर तापतं, खोली कशावर तापते? मी छाती पुढं काढून दोन्हींचं उत्तर "गॅस" असं दिलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या की दारं लावून गॅस जाळला तर तो बाळाच्या वाट्याची हवा खातो आणि वर विषारी हवा सोडतो. दोन्ही आजच्या आज काढा. तेवढ्यात आमच्या ताराबाईंनी हळूच विचारलं की बाजेखाली निखाऱ्याची शेगडी चालेल का. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे वळून सांगितलं, "अंकल, जलने का कुछ नको. सब करंट पे करो." सरकारी आदेश असला की माझ्या अंगात बळ येतं, हे तुम्ही जाणता. मी घरी येऊन सगळं विजेवर घ्यायचं ठरवलं आणि त्या भरात स्वयंपाकघरातली सिलिंडरंसुद्धा एजन्सीत परत करून आलो. (स्वयंपाकाच्या गॅसबद्दल डॉक्टरीणबाई काही बोलल्या नव्हत्या. तो माझा स्वतःचा उत्साह.) ताराबाई एवढंच म्हणाल्या, "सिलिंडर संपते तं हलवून कळते तरी. करंट जाते ते कोणाले सांगून जाते?" मी ते मनावर घेतलं नाही.

मग प्रवीण आला. हा आमच्या गल्लीतला वायरमन. त्यानं मीटर उघडून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "काका, ह्या वायरी बल्बाच्या हायत. याच्यावर गीझर लावसान तं भिंतीच गरम होतील." मी म्हणालो, भिंती गरम झाल्या तर बरंच आहे. त्याला विनोद कळला नाही. त्यानं घरभर भिंती खोदल्या. शुभांगी, बाळ, बाज आणि ताराबाई या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या आणि मागून प्रवीण छिन्नी घेऊन येत राहिला. त्यात त्यानं न्हाणीतला नळाचा पाइप फोडला, तेव्हा घरात विजेच्या आधी पाणी आलं. पण अखेर नवी वायर पडली, जास्तीचा लोड मंजूर झाला, गीझर टांगला गेला (किंचित डावीकडे झुकून; मान तिरपी करून पाहिलं तर सरळ दिसतो), गॅसच्या जागी विजेची शेगडी आली आणि बाळाच्या खोलीत तेल भरलेला, पांढऱ्या फासळ्यांचा हीटर आला. हात लावला की असं वाटावं, कोण्या भल्या माणसाशी हात मिळवला.

पहिल्याच सकाळी खोलीत हीटर, न्हाणीत गीझर आणि ताराबाईंनी लावला मिक्सर. खाटकन सगळं बंद. प्रवीण म्हणाला, एका वेळी दोनच मोठ्या वस्तू लावा. तेव्हापासून घरात बोलण्याची पद्धतच बदलली. मी न्हाणीतून ओरडायचं, "गीझर लावू का?" ताराबाईंनी ओरडायचं, "थांबा, शेगडी चालू हाय!" शुभांगीनं आतून ओरडायचं, "हीटर बंद करू नका, तिले आत्ताच झोप लागली!" आणि त्या आवाजानं बाळानं उठायचं. शेजारचे लक्ष्मणराव हे ऐकून आले. घरात मोठं भांडण पेटलं अशी त्यांची समजूत झाली होती. समजूत घालायला म्हणून ते बाळाच्या खोलीत बसले आणि तिथली ऊब लागताच उठायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी ते "नातीले पाहाले" म्हणून आले. तिसऱ्या दिवशी पेपर घेऊन आले. पुढं त्यांची बायको मटाराच्या शेंगा सोलायला आली, मग समोरचे दोघं रमी खेळायला. बाहेर पारा जसजसा उतरला तसतशी तुमची नात गल्लीत लोकप्रिय होत गेली. मला अभिमान वाटायचा. ताराबाईंना मात्र शेवटी राहवलं नाही. लक्ष्मणराव बाळाकडे पाठ आणि हीटरकडे तोंड करून बसले होते, तेव्हा त्यांनी विचारलंच, "भाऊजी, लेकराले पाहाले येता का हीटरले?" लक्ष्मणराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "दोघाईले, वहिनी." ताराबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. मी मध्यस्थी केली आणि गल्लीला समजावलं की बाबांनो, आपापल्या घरी घ्या ना एकेक हीटर. मी जाहीर भाषणच दिलं म्हणा ना. आणि लोकांनी ऐकलं, भगवानराव! सेवेत असताना माझं कोणी ऐकलं नाही, ते निवृत्तीनंतर अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

याचा परिणाम ज्या दिवशी ताराबाईंच्या माहेरची मंडळी जीप भरून बाळ बघायला आली, त्या सकाळी दिसला. बाहेर धुकं, समोरचं घर दिसेना. पाहुणे कुडकुडत उतरले. मी त्यांना उंबऱ्यातच सांगायला सुरुवात केली की या घरात आता काडी पेटत नाही, सगळं विजेवर. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत लाइट गेली. आमची एकट्याची असती तर मी मीटरजवळचं बटण वर केलं असतं, पण गेली ती सगळ्या गल्लीची. थंडी कडक, म्हणून घरोघरचे नवे हीटर एकदम लागले होते, आणि गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर ते ओझं सोसू शकला नाही.

घरात पाहुणे आणि चहा नाही. आंघोळीला पाणी नाही. तेही चाललं असतं. पण थोड्या वेळानं शुभांगीनं आतून हाक मारली, "बाबा, हीटर थंडा झाला." मी जाऊन बाळाचे पाय हातात घेतले. गार होते. घरातला सगळा गॅस मीच घालवला होता, आणि गल्लीचे हीटरही मीच आणवले होते. मी स्वेटरची बटणं काढली, बाळाला आत छातीशी धरलं, वरून ताराबाईंचं लुगडं आणि त्यावर घोंगडं घेतलं आणि हललो नाही. पाहुण्यांनी काही विचारलं तर डोळ्यांनी उत्तर दिलं. हळूहळू तिचे पाय माझ्या पोटाला गरम लागायला लागले. मग तिनं एक जांभई दिली आणि माझ्या बनियनवर दुधाची गुळणी काढली. भगवानराव, इतका आनंद मला प्रमोशनचाही झाला नव्हता. ताराबाईंनी तेवढ्यात परसात तीन विटा मांडून कापसाची वाळकी पऱ्हाटी पेटवली होती आणि साऱ्या पाहुण्यांना चहा दिला. कप हातात देताना फक्त म्हणाल्या, "लाइट आली का सांगजा." लाइट दुपारी आली. सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आता सगळं सुरळीत आहे. एक सिलिंडर मी परत आणलं, ते फक्त स्वयंपाकाला. हीटर कोणी कधी लावायचे याच्या गल्लीत पाळ्या ठरवल्या आहेत आणि लाइट जात नाही. बाळाच्या खोलीत रात्रंदिवस अशी ऊब असते की विहीणबाईंनी येऊन स्वतः बघावं. तेव्हा गारठ्याचं कारण पुढं करून मायलेकींना नेण्याची गरज उरत नाही, एवढं नम्रपणे सुचवून लेखणी थांबवतो.

आपला,
बाबाराव

ता. क. नामकरण येत्या रविवारी. भंतेजी सकाळीच येणार आहेत. पांघरुणं आणू नका.

ता. क. २. खरं मागणं असं की नामकरण झालं की लगेच त्यांना नेऊ नका. थंडी सरेपर्यंत राहू द्या. थंडी सरली की ऊन तापेल, त्यासाठी प्रवीणला कूलरची जोडणी करायला सांगून ठेवलं आहे, त्यामुळं उन्हाळ्याचीही चिंता नाही. पावसाळ्यात तुमच्याकडचा रस्ता खराब होतो हे तुम्ही जाणताच.

ता. क. ३. भाऊजी, मी ताराबाई. पत्र टाकायला दिलं तेव्हा वाचलं. पाळ्याबिळ्या काही नाहीत, करंट रोज जाते. हीटर त्या पाहुण्यांच्या दिवसापासून लावलाच नाही. पोरगी यांच्या छातीवरच झोपते, खाली ठेवली का रडते. दिवसभर हे खुर्चीत बसून राह्यतात, यांना एक भाजी आणा म्हणायची सोय नाही उरली. जरासा डोळा लागला तिचा, तर हे पत्र लिहायला बसले. तेव्हा यांनी लिहिलेलं सारं खोटं धरा. दुसरा ता. क. तेवढा खरा धरा. माझीही तीच विनंती आहे.