माणसाचे दात कशासाठी

बाबा,

तुमच्या पणतीच्या शाळेत वादविवाद स्पर्धा आहे. तिला चिठ्ठी निघाली, ‘माणूस निसर्गतः शाकाहारी आहे’, आणि बाजूने बोलायचं आहे. ती आठवीत आहे. आजी विज्ञान शिकवायची हे तिला फक्त अशाच वेळी आठवतं. काल दुपारी वही घेऊन माझ्या पलंगावर चढून बसली. म्हणाली, आजी, चार मुद्दे दे, एकदम दणदणीत. दिले. दात सपाट, आतडं लांब, जबडा आडवा हलतो, नखांना वाघासारखी धार नाही. झोपेतून उठवून विचारलं तरी मला ते सांगता येतात. तिनं लिहून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि जाता जाता विचारलं, “पण आजी, हे खरं आहे का?” मी म्हटलं, “नाही गं. माणूस दोन्ही खातो. मिश्राहारी आहे. तू स्पर्धेपुरतं बोल.” ती “बरं” म्हणाली आणि सायकल काढून गेली. एवढंच झालं. मग मला रडू फुटलं ते थांबेचना. सून धावत आली, आई, गुडघा दुखतोय का? हो म्हटलं. उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं माझं, तेव्हापासून कोणत्याही रडण्याला गुडघा पुरतो.

खरं बोलायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही, बाबा. आणि तुम्ही हाच प्रश्न विचारला होता तेव्हा माझ्या तोंडातून ते निघालं नाही. आता हे कोणाला सांगू? तुमचे जावई असते तर त्यांनाही सांगितलं नसतं, कारण त्यांच्याच घरातली गोष्ट आहे. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी ऐकणारे तुम्हीच. मी फार थकले आहे. नीट सगळं मांडायचं बळ नाही. जसं आठवेल तसं लिहिते.

अकरावीत होते मी. वाशीमच्या कॉलेजात एक पाहुणे व्याख्यान द्यायला आले होते, पांढरे कपडे, हातात मोठा तक्ता. त्यांनी वाघाचं आतडं दाखवलं, गायीचं दाखवलं, माणसाचं दाखवलं. मांस माणसासाठी नाहीच, ही शरीराची साक्ष आहे म्हणाले. आम्ही पोरी भारावून गेलो. रविवारी मी एसटीनं गावी आले तर तुम्ही गोठ्यापुढच्या निंबाखाली तीन दगडांवर मटणाचा गंज चढवून बसलेले. आठवडाभर तुम्ही वांग्यांत, मेथीत, सांबाराच्या जुड्यांत बुडालेले असायचे, तुमच्या सदऱ्याला धुतल्यावरही त्या सांबाराचा, कोथिंबिरीचाच वास यायचा. पण तो दिवस तुमचा. सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही, एकादशी नाही, श्रावण नाही, नवरात्र नाही, पाहुणे असतील तर नाही, असं सगळं वजा जाऊन वर्षात दहा-बारा दिवस हाती लागत. आई मांसाला शिवायची नाही. तिच्या चुलीवर ते चढायचं नाही, त्याचा गंज, पळी, ताटल्या सगळं गोठ्यातल्या खुंटीला. पण भाकरी मात्र तीच टाकायची, आणि उंबऱ्यातून हात लांब करून तुमच्या हातात द्यायची. “घ्या, गरम हाय तवरच खाऊन घ्या,” म्हणायची. नाक मुरडलेलं मी तिला कधी पाहिलं नाही.

मसाला तुम्ही स्वतः वाटायचे. खोबरं निखाऱ्यावर भाजायचे, कांदा सालीसकट राखेत घालायचे, आणि पाट्यावर इतका वेळ बसायचे की शेजारचा काका विचारायचा, रस्सा करून राह्यले का गंध उगाळून राह्यले? मी आले तीच तणतणत. बॅग ठेवली नाही, पाणी प्यायले नाही. “बाबा, मानसाचे दात मांस खायासाठी नाहीतच. आतडं बी नाही. तुमी शरीराच्या विरुद्ध करून राह्यले.” पळी हातात धरून तुम्ही सगळं ऐकून घेतलं. मग बोटानं ओठ वर केला अन् सुळा दाखवला. “मंग हे कायले देल्ले?” मी म्हटलं, तो नावालाच उरला आहे. “नावालाच? मंग ऊस कायनं सोलतं वं तू?”

मी चिडले. तुम्ही हसत उठले आणि मला बैलापाशी घेऊन गेले. त्या मुलखात बैलाचे दात पाहावे तर तुम्हीच. बाजारात कोणी जोडी घ्यायची म्हटली की आधी तुम्हाला बोलावणं. डाव्या हातानं नाक धरायचं, अंगठ्यानं ओठ उचलायचा, की लगेच सांगणार: दोन दाती आहे, चार दाती आहे, हा जुळला म्हणजे सगळे दात आले, याला घेऊ नका, विकणारा वय चोरून राह्यला. त्या दिवशी तसाच ओठ उचलून म्हणाले, “वरतं समोर दात हायेत का?” नव्हते. नुसती टणक हिरडी. “तुले हायेत?” हो. “मंग तू बैल नाही.” कुत्रं गंजाच्या वासानं तिथंच लोळत होतं. त्याचा जबडा तुम्ही उघडून दाखवला. “तुले असे हायेत?” नाही. “मंग तू कुत्रं बी नाही. बह्याडे, मानूस अर्धा इकून हाय, अर्धा तिकून. अन् तुया त्या सायबाले इचारजो, आपली गाय पावसाच्या तोंडावर हाडूक चघळत बसते, ते कोन्या पुस्तकात हाय? आंगात काही कमी पडलं का जीव मांगते. मांगन त्याले द्याव.”

मी आईपाशी जाऊन वरण-भाकरी खाल्ली आणि तुमच्याकडे पाठ करून बसले. सतरा वर्षांची होते. त्या वयात हरलं की माणूस सिद्धांत जास्तच घट्ट धरतो. पुढची दोन वर्षं तुमच्या प्रत्येक रविवारी मी तो तक्ता तुम्हाला ऐकवला. तुम्ही म्हणायचे, “हाव बाप्पा, हाव. शिकली तू.” आणि पळी फिरवत राहायचे.

मग माझं स्थळ आलं. मंगरूळपीरचं, नोकरीवालं, आणि घर सगळं माळकरी. बोलणी व्हायच्या आधी, त्यांनी काही विचारायच्याही आधी, एका एकादशीला तुम्ही गळ्यात माळ घालून घरी आले. आई बघतच राहिली. “पोरीचं घर हाय,” म्हणाले, “उद्या तिले कोनी टोचलं नाही पायजे.” आणि खुंटीवरचा गंज काढून ढोरांची ढेप भिजवायला घेतला. बाबा, मला किती आनंद झाला होता सांगू! मला वाटलं, अखेर पटलं यांना. सासरी गेल्यावर मी सगळ्यांना ऐटीत सांगायचे, माझ्या वडिलांचं मीच सोडवलं, शास्त्र सांगून सोडवलं. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगत. तुम्ही भेटायला आलात की तेही तुमच्यासमोर व्हायचं. तुम्ही मान हलवायचे. एकदाही म्हणाले नाहीत की पोरी, तुझं शास्त्र मला तेव्हाही पटलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी तुमचे पाय सुजायला लागले. आई तोवर गेली होती. मी तुम्हाला माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलं नाही, अंडी द्या, पायाचं सूप द्या, जे खातील ते द्या. मी म्हटलं, चालत नाही आमच्याकडे, माळ आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि गोळ्या लिहिल्या. त्या घरात ते आणायचं कसं हा विचारही मी मनात येऊ दिला नाही. मी नोकरी करणारी बाई, पगार माझ्या हातात, वर्गात आवाज असा की शेजारचा वर्ग गप्प बसावा. आणि घरात शिरले की पदर सावरून तोंडाला कुलूप. तुम्ही मऊ भात दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. “तोंडाले चव नाही वं,” म्हणायचे.

त्या दुपारी मी शाळेतून आले. सासूबाई तुमच्या खाटेपलीकडे बसून वाती वळत होत्या. तुम्ही जागे होते, माझी वाट पाहत असावे. आवाज अगदी खोल गेलेला. म्हणाले, “काय वं पोरी, तू तवा म्हने ना, मानसाचे दात मांस खायासाठी नाहीत म्हून. अजून बी पुस्तकात तसंच हाय का? का बदललं?”

बाबा, त्याच आठवड्यात मी सहावीला तो धडा शिकवला होता. शाकाहारी गाय, मांसाहारी वाघ, मिश्राहारी कावळा, अस्वल, माणूस. फळ्यावर मी माझ्या हातानं लिहिलं होतं. आणि तुम्ही काय विचारत होता तेही मला कळलं, लगेच कळलं. तुम्ही मागत होता. आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही, आणि ते एक मागताना सुद्धा मला अडचणीत टाकायचं नाही म्हणून पुस्तकाच्या आडून मागितलं. मी “बदललं” म्हणाले असते तर पुढचं तुम्ही बघून घेतलं असतं. कोणाकडे तरी, कुठल्या तरी ओसरीवर जाऊन घोटभर रस्सा प्यायले असते. सासूबाईंचे हात थांबले होते. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, “नाही बाबा, बदललं नाही. तसंच आहे.”

तुम्ही म्हणाले, “मंग ठीक हाय. पुस्तकातलं खोटं नसते.” आणि कूस बदलली. पंधरा दिवसांनी तुम्ही गेले. एवढ्या वर्षांत मी स्वतःला हजार वेळा समजावलं की वाटीभर रश्श्यानं कोणी वाचत नाही, किडनीच गेली होती, डॉक्टरही तेच म्हणाले. खरं आहे ते. पण जाताना तोंडाला चव तरी असती. ती मी दिली नाही. सासूबाईंना दोष देऊन बघितला, तो टिकत नाही. त्यांनी शब्दही काढला नव्हता. नुसतं पाहिलं होतं. भित्री मीच.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दरवर्षी तो धडा आला. दरवर्षी ‘मिश्राहारी’ लिहिताना माझा खडू मोडायचा, पोरं हसायची, आणि मी कोणाला तरी विनाकारण उभं करायचे. एकदा एका पोरीनं विचारलं, बाई, आमच्या घरी खातात ते पाप आहे का? मी म्हटलं, बाळ, हा विज्ञानाचा तास आहे. घाबरून बसली ती बिचारी. मी आणखी दोन वाक्यं बोलू शकले असते. ती सुद्धा नाही बोलले.

आणि आता माझं ऐका. सासूबाई गेल्या, तुमचे जावई गेले, घर सुनेच्या हातात आलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मलाही तेच सांगितलं, अशक्तपणा फार आहे, अंडी, सूप. तिथेच, गाडीत बसायच्या आधी, सुनेनं विचारलं, “आई, तुम्हाला चालेल का? तुमच्या मनाविरुद्ध नको.” सरळ विचारलं. कोणाचे हात थांबले नाहीत, कोणी माझ्याकडे रोखून पाहिलं नाही. मी काय करायला हवं होतं, बाबा? नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही ज्यासाठी तरसून गेलात ते मी कोणत्या तोंडानं घ्यावं? रोज रात्री तुमची माळ डोळ्यांसमोर आणून मी पंचवीस वर्षं पाळलं होतं, तेवढं तरी शेवटपर्यंत न्यायचं होतं. ही एवढी एकच शिक्षा होती माझ्याजवळ. सुनेला म्हटलं, विचार करून सांगते. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी हो म्हटलं.

तिनं गॅसवर, स्वयंपाकघरातच, कुकरला लावलं. वाटी आणून हातात दिली आणि बाहेर गेली, मला संकोच वाटू नये म्हणून. मी एकटीच होते.

हा कागद मी तुमच्या पणतीच्या वहीतून फाडून घेतला आहे, आणि तो मी कोणाला दाखवणार नाही. पण तुम्हाला सांगायचं राहून जायला नको. मला वाटलं होतं घशाखाली उतरणार नाही, तुमची आठवण येईल, वाटी परत करीन. तसं काही झालं नाही, बाबा. तुमची आठवण मला वाटी रिकामी झाल्यावर आली. तेव्हाही मी सुनेला हाक मारली, आणि आणखी आहे का म्हणून विचारलं.